दिवाळी अंकाचे दहा हजार: ऑनलाइन विक्रीतल्या शुल्काचं एक प्रकरण

पुण्यातून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकाचं हे प्रकरण आहे. संपादक निवृत्त शिक्षिका. लेखकांपासून छपाईवाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणतात. मदतीला त्यांचा भाचा, दोन-तीन माजी विद्यार्थी आणि हिशेबाला मी. अंकाचं आणि पेमेंट गेटवे कंपनीचं, म्हणजे वाचकांचे ऑनलाइन पैसे घेऊन अंकाच्या खात्यात पोहोचवणाऱ्या कंपनीचं, नाव इथे देत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

अंकाची किंमत ४०० रुपये, टपालखर्च ७०. ऑनलाइन मागणी नोंदवणारा वाचक ४७० रुपये भरतो आणि अंक घरी येतो. २०२४च्या दिवाळीत अशा ९०० प्रती गेल्या. वाचकांनी भरले ४,२३,००० रुपये, अंकाच्या खात्यात आले ४,१३,०१७. मधले ९,९८३ रुपये गेटवेचं शुल्क म्हणून गेले होते.

बाई एका कथेला दीड हजार मानधन देतात. छोट्या अंकांमध्ये मानधन वेळेवर देणारे फार थोडे, आणि बाई त्या थोड्यांतल्या आहेत. सहा कथांचं मानधन आणि वर एक-दोन कवितांचं, एवढी ती रक्कम होती. म्हणून मला ती डाचली.

भाच्याचा आक्षेप वाजवी होता. "विक्रेता चाळीस टक्के कापून घेतो तेव्हा आपण गप्प बसतो. इथे प्रतीमागे अकरा रुपये जातात, त्यावर एवढी चर्चा कशाला?" चाळीस टक्क्यांपुढे सव्वादोन-अडीच टक्के किरकोळच दिसतात. पण विक्रेता त्या चाळीस टक्क्यांत अंक मांडून ठेवतो, गिऱ्हाईकाला दाखवतो, उरलेल्या प्रतींची उस्तवार करतो. गेटवे या अकरा रुपयांत आपल्याला काय देतो, हे आधी समजून घ्यायचं आणि मग महाग की स्वस्त ते ठरवायचं, असं बाईंनी सांगितलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

अकरा रुपयांची फोड

गेटवेचा दर दोन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. ४७० रुपयांवर दोन टक्के म्हणजे ९ रुपये ४० पैसे, त्यावर जीएसटी १ रुपया ६९ पैसे. एकूण ११ रुपये ९ पैसे. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की शुल्क पूर्ण रकमेवर लागतं. टपालाचे सत्तर रुपये आपल्याकडे फक्त येतात आणि पोस्टात जातात, त्यात आपली कमाई शून्य, तरी त्यावरही दीड रुपयाच्या वर शुल्क बसतं.

दुसरी गोष्ट जीएसटीची. छापील पुस्तकं आणि नियतकालिकं यांच्यावर जीएसटी नाही. अंकात जाहिराती असतात आणि त्यांच्या जागेवर पाच टक्के कर आहे, पण या अंकाची एकूण उलाढाल २० लाखांच्या बरीच खाली असल्यामुळे नोंदणीची गरज पडत नाही. नोंदणी नाही म्हणजे गेटवेला दिलेल्या जीएसटीचं क्रेडिटही, म्हणजे तो आपल्या करातून वजा करायची सोयही, मिळत नाही. मोठ्या कंपनीला तो १८ टक्के पुढे वळता करता येतो. छोट्या प्रकाशकाचा तो खर्चच. त्यामुळे आमच्यासाठी दर दोन टक्के कधीच नव्हता, २.३६ टक्के होता. अनेक छोटे व्यावसायिक जाहिरातीतला दोन टक्क्यांचा आकडा धरून हिशेब करतात आणि वर्षाअखेरीस फरक का पडला ते शोधत बसतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची निघाली. गेटवेच्या डॅशबोर्डवरून वर्षाचा अहवाल उतरवून घेतला की प्रत्येक व्यवहारापुढे पैसे कशाने भरले ते लिहिलेलं असतं. त्या रकान्यावर चाळणी लावली. ९००पैकी ७०० वाचकांनी यूपीआयने पैसे भरले होते. उरलेले २०० कार्ड आणि नेटबँकिंगवाले.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांच्यावर १ जानेवारी २०२०पासून व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे बँकांनी घ्यायचं शुल्क, घेता येत नाही. त्यासाठी २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात २०१९ साली कलम १०-अ घातलं गेलं. मग या ७०० व्यवहारांवर २.३६ टक्के कसे? गेटवे कंपनी त्याला एमडीआर म्हणत नाही. तिच्या बिलात ते प्लॅटफॉर्म फी म्हणून येतं: पैसे वाहून नेण्याचे नाहीत, आमची यंत्रणा वापरण्याचे. काही कंपन्या यूपीआयला शून्य दर देतात, काही सरसकट एकच दर लावतात. आमची दुसऱ्या प्रकारातली. तिला पत्र लिहून यूपीआयसाठी वेगळा दर मागितला, तर एवढ्या कमी उलाढालीला वेगळा दर देत नाही असं उत्तर आलं. नऊ हजार नऊशे त्र्याऐंशीपैकी ७,७६४ रुपये अशा व्यवहारांवर गेले होते, ज्यांत पैसे बँकेतून बँकेत फुकट जाऊ शकत होते.

मग गेटवे घेतलाच कशाला?

कारण २०२२ साली गेटवे नव्हता, आणि ती दिवाळी सगळ्यांच्या लक्षात होती.

त्या वर्षी अंकाच्या जाहिरातीवर बँकेचा क्यूआर छापला आणि खाली एक व्हॉट्सअॅप क्रमांक दिला. पैसे भरा, पत्ता पाठवा. पैसे भराभर आले. पण खातेउताऱ्यात काय दिसतं? यूपीआय, बारा आकडी संदर्भ क्रमांक, पाठवणाऱ्याच्या नावाची काही अक्षरं आणि रक्कम. एका संध्याकाळी तीन कुलकर्णी, तिघांचे तेवढेच रुपये. व्हॉट्सअॅपवर पत्ता आईच्या नावाचा, पैसे मुलाच्या खात्यातून. कुणी पैसे भरून पत्ताच पाठवला नाही आणि पंधरा दिवसांनी फोन केला, "अंक अजून आला नाही." कुणी टपालखर्च विसरून फक्त अंकाची किंमत भरली. कुणी व्यवहार अडकलेला असतानाचाच स्क्रीनशॉट पाठवला. पैसे नंतर त्याच्याच खात्यात परत गेले, अंक मात्र रवाना झाला. टिपेत नाव लिहा असं सांगून उपयोग झाला नाही, कारण बऱ्याच जणांनी लिहिलं नाही आणि लिहिलेल्यांचीही टीप उताऱ्यात पूर्ण उमटत नव्हती.

बाईंच्या घरी रात्री बारापर्यंत वह्या आणि फोन घेऊन चार माणसं हे जुळवत बसायची. म्हणून २०२३ला गेटवे आला. त्यात वाचक आधी नाव-पत्ता भरतो, मग पैसे, आणि दोन्ही एकाच ओळीत येतात.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गेटवे पैसे पोहोचवण्याचे पैसे घेत नाही, ते काम यूपीआय फुकट करते. "हे पैसे कुणाचे आणि कशाचे" हे सांगण्याचे तो पैसे घेतो. शुल्क टाळायचं असेल तर ते काम आपल्याला करता आलं पाहिजे. ते न करता नुसता क्यूआर चिकटवला, तर शुल्क वाचतं आणि माणसं शिणतात.

पैशांतला पत्ता

२०२५साठी जी पद्धत बसवली, तिची कल्पना एका माजी विद्यार्थ्याची. प्रत्येक मागणीची रक्कम वेगळी ठेवायची.

वाचक आधी ऑनलाइन फॉर्म भरतो: नाव, पत्ता, पिनकोड, फोन, प्रतींची संख्या. फॉर्म पूर्ण झाला की शीटमध्ये त्याला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे त्याच्या रकमेतले पैसे होतात. मागणी क्रमांक १३७ असेल तर रक्कम ४६९ रुपये ३७ पैसे. १३८ला ४६९.३८. वाचकाला जाहीर किमतीपेक्षा एक पैसाही जास्त पडू नये म्हणून ४७०च्या वर न जाता ४६९ची पट्टी घेतली. हा आग्रह बाईंचा. ती रक्कम आधीच भरलेला क्यूआर बँकेच्या व्यापारी अॅपमधून तयार करून त्याच्या फोनवर जातो, सोबत यूपीआय आयडी आणि रक्कम अक्षरांतही, कारण ज्या फोनवर चित्र आलं तोच फोन त्या चित्रावर धरता येत नाही आणि ज्येष्ठ वाचकांना गॅलरीतून चित्र उघडून स्कॅन करणं जमतंच असं नाही.

रात्री एकदा खात्याचा उतारा शीटमध्ये ओतायचा आणि रकमेवर व्हीलुकअप, म्हणजे जुळणारी ओळ शोधून देणारं शीटमधलं सूत्र, लावायचा. ४६९.३७ जमा दिसले की १३७ क्रमांकाच्या ओळीपुढे तारीख आणि बारा आकडी क्रमांक आपोआप येतो. नव्व्याण्णव मागण्या एका वेळी उघड्या राहू शकतात. तीन दिवसांत पैसे आले नाहीत तर एक आठवण पाठवायची आणि तो आकडा मोकळा करायचा. गणपती विसर्जनानंतर आगाऊ नोंदणीची जाहिरात गेली त्या दिवशी नव्व्याण्णव पुरले नाहीत, तेव्हा पुढच्यांना ४६८ची पट्टी दिली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. साठेक वाचकांनी पैसे गाळून सरळ ४७० भरले. मराठी माणूस हिशेबात सुटे ठेवत नाही, आणि त्यांना वाटलं की आपण अंकाला साठ-सत्तर पैसे जास्त देऊन मदतच करतो आहोत. त्यांच्याकडून बारा आकडी क्रमांक मागवून घेतला. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरायचा नाही, खात्यात जमा दिसलं तरच अंक निघेल, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला आणि तो फॉर्मवर ठळक लिहिला. कुणाला ते कोरडं वाटलं असेल. पण बनावट स्क्रीनशॉट करणारी अॅप सर्रास फिरत असताना दुसरा मार्ग नाही.

गेटवे काढून टाकला नाही. त्याला वार्षिक वर्गणी नव्हती, व्यवहार झाला तरच शुल्क, त्यामुळे ठेवायला खर्च नव्हता. फॉर्मच्या शेवटी आधी यूपीआय आणि त्याखाली "कार्ड किंवा नेटबँकिंगने भरायचे असल्यास" असा दुवा, एवढा क्रम बदलला. कार्डवाल्या वाचकावर दोन टक्के वेगळे लावावेत असा एक विचार पुढे आला होता. तो लगेच बाजूला ठेवला. डेबिट कार्डाचं शुल्क ग्राहकाच्या माथी मारू नये असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना बजावलं आहे. ते नसतं तरी, चारशेचा अंक घेणाऱ्या वाचकाला शेवटच्या पायरीवर नवा आकडा दाखवणं मला पटत नाही.

कार्डाच्या बाबतीत मध्यंतरी एक चांगली गोष्ट घडली. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावर बँकेच्या शुल्काला जीएसटीची सूट आधीपासून होती. ती रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या पेमेंट अॅग्रिगेटरनाही, म्हणजे ग्राहकांचे पैसे स्वतः घेऊन व्यापाऱ्याला पोहोचवणाऱ्या कंपन्यांनाही, लागू आहे, असा खुलासा करायचं डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत ठरलं. पैसे स्वतः न हाताळणाऱ्या, नुसती तांत्रिक जोडणी देणाऱ्या कंपन्यांना मात्र ती नाही. आपली कंपनी कुठल्या वर्गात येते ते बिल हातात घेऊन पाहावं. लहान रकमांच्या कार्ड व्यवहारांवर अजून जीएसटी लागत असेल तर विचारावं.

ग्रंथालयांचा प्रश्न वेगळाच. जिल्ह्याजिल्ह्यांतली ब आणि क वर्गाची ग्रंथालयं पाच-दहा प्रतींचा गठ्ठा मागवतात आणि त्यांना अनुदानाच्या हिशेबासाठी रीतसर बिल लागतं. तिथे क्यूआरचा काही संबंध नाही. बिल पाठवायचं, ते एनईएफटी करतात किंवा चेक. दोन्हीत अंकाला शुल्क नाही आणि बिल क्रमांकावरून रक्कम लगेच ओळखू येते.

सोप्या वाटेचा मोह

या सगळ्याच्या आधी कुणीतरी सुचवलंच होतं: बाईंच्या बचत खात्याचा क्यूआर लावा, कटकट मिटली. छोट्या व्यवसायांत हे सर्रास चालतं आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. बचत खातं धंद्यासाठी वापरणं बँकांना मान्य नसतं, हे एक. पण मोठा धोका हिशेबाचा आहे. जुलै २०२५मध्ये बंगळुरूत हजारो छोट्या विक्रेत्यांना त्यांच्या यूपीआय जमेवरून कर्नाटकच्या कर खात्याच्या नोटिसा आल्या. त्यात भाजी, दूध असा करमुक्त माल विकणारेही होते. दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" असे कागद लागले, बंद पुकारले गेले, शेवटी सरकारला सवलत जाहीर करावी लागली. खात्यात जमा झालेली रक्कम आपणहून सांगत नाही की ती करमुक्त अंकाची आहे, टपालाची आहे, बहिणीने परत केलेल्या उसन्याची आहे की पेन्शनची. ते सांगणारी कागदपत्रं आपल्याकडे असावी लागतात. अंकाच्या नावाने वेगळं चालू खातं, त्याच खात्याचा व्यापारी क्यूआर आणि प्रत्येक जमेपुढे मागणी क्रमांक असेल, तर अशी नोटीस आली तरी उत्तर एका शीटमध्ये तयार असतं. शुल्क टाळणं म्हणजे नोंद टाळणं असं जे समीकरण काही जणांच्या डोक्यात असतं, ते घातक आहे. आम्ही शुल्क टाळलं ते नोंद जास्त काटेकोर करून.

परदेशातले वाचक

साठेक प्रती दरवर्षी अमेरिका, ब्रिटन, आखात, ऑस्ट्रेलिया इथे जातात. इथे शुल्काचं दुखणं मोठं. आंतरराष्ट्रीय कार्डाला गेटवेचा दर देशी दराहून जास्त. परदेशी ऑनलाइन वॉलेट-सेवेतून पैसे मागवले तर चार टक्क्यांहून अधिक, वर दर व्यवहाराला ठराविक सेंट, आणि डॉलरचे रुपये करताना बाजारभावापेक्षा कमी भाव. छोट्या रकमेला हे सगळं मिळून फार बोचतं.

यावर तीन वाटा निघाल्या. पहिली आपली नेहमीची: पुण्या-मुंबईतले आई-वडील किंवा भावंडं इथून यूपीआय करतात. दुसरी वाट बऱ्याच अनिवासी वाचकांना माहीत नव्हती. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं परदेशी मोबाइल क्रमांकाला जोडलेलं असेल तर त्यावरून यूपीआय वापरायची मुभा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२३मध्ये दिली. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती, कतार, ओमान, सौदी अरेबिया आणि हाँगकाँग हे पहिले दहा. बँक ही सोय देत असली पाहिजे, एवढीच अट. फॉर्मवर ही एक ओळ घातल्यावर पंधरा-वीस जण त्या वाटेने आले. तिसरी वाट एका महाराष्ट्र मंडळाने स्वतःच काढली: पंचवीस वाचकांचे पैसे तिथे जमवून एकदाच बँकेतून पाठवले. बँकेचं ठराविक शुल्क पंचवीस जणांत विभागलं गेलं.

अमेरिकेच्या वाचकांनी मात्र २०२५ला वेगळाच धडा दिला. ऑगस्टअखेर अमेरिकेचे आयात नियम बदलले आणि भारतीय टपालखात्याने तिकडची पार्सलं थांबवली. ती १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी, पुन्हा सुरू झाली. तोवर ज्यांनी कार्डाने आगाऊ पैसे भरले होते, त्यांतल्या काहींना ते परत हवे होते. परत करताना कळलं की रिफंड पूर्ण रकमेचा द्यावा लागतो, पण गेटवेने कापलेलं शुल्क परत मिळत नाही. अंक गेला नाही, पैसेही राहिले नाहीत, शुल्क मात्र गेलं. पुढच्या वर्षीपासून परदेशी मागण्यांचे पैसे अंक छापून हातात आल्यावर आणि टपालाची खात्री झाल्यावरच घ्यायचे, असं ठरलं आहे.

शेवटचा हिशेब

२०२५ला देशातल्या ऑनलाइन मागण्या ९१० झाल्या. ७६० थेट यूपीआयने, १५० गेटवेतून. जुन्या पद्धतीने त्या ७६०वर ८,४३० रुपये शुल्क गेलं असतं. ते शून्य झालं. गेटवेतल्या १५० मागण्यांवर, कार्डावरचा जीएसटी सुटल्यामुळे, चौदाशेच्या आसपास गेले.

पण ८,४३० रुपये वाचले असं मी ताळेबंदात लिहिलं नाही. रोज रात्री उतारा जुळवायला, राहिलेल्यांना फोन करायला एक विद्यार्थिनी सहा आठवडे येत होती. ते काम फुकटात करून घ्यायचं नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. तिला हंगामाचे ४,००० दिले. खरी बचत ४,४३० रुपये. आमच्यासारख्या अंकाला तेवढी पुरे आहे, पण महिन्याला दहा-वीस मागण्या असणाऱ्याला ही यंत्रणा उभारण्याचा व्याप परवडणार नाही; त्याने वहीत हाताने जुळवावं. आणि रोज शंभर मागण्या येत असतील तर यूपीआयला शून्य दर देणारा गेटवे शोधणंच बरं.

एक फायदा आकड्यांत नीट बसत नाही. गेटवेचे पैसे खात्यात यायला दोन कामकाजाचे दिवस लागायचे, सुट्ट्या आल्या की आणखी. २०२४ला ऐन छपाईच्या तोंडावर कंपनीने कागदपत्रांची फेरतपासणी काढली आणि आठवडाभर रक्कम अडकली. छापखान्याला कागदासाठी निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. ते बाईंनी तेव्हा स्वतःच्या मुदत ठेवीतून काढून दिले होते. या वेळी आगाऊ नोंदणीचे पैसे त्याच मिनिटाला खात्यात होते, कागदाचा हप्ता त्यातूनच गेला, आणि लेखकांचं मानधन अंक निघायच्या आधी पोहोचलं.

यूपीआयचा शून्य दर कायम राहील का, हे धोरणावर आहे. जून २०२५मध्ये शुल्क येणार अशी आवई उठली तेव्हा अर्थ मंत्रालयाने ती निराधार असल्याचं सांगितलं. छोट्या व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी केंद्राने २०२४-२५ला बँकांना १,५०० कोटींचं प्रोत्साहन मंजूर केलं होतं. म्हणजे आपल्याला शून्य दिसणारा खर्च सरकार आणि बँका उचलतात. उद्या थोडा दर लागला, तरी शीट आणि पैशांतला क्रमांक आमच्या हाताशी राहील. २०२६साठी बाईंनी त्याच फॉर्ममध्ये तीन वर्षांच्या एकत्र वर्गणीचा रकाना घालायला सांगितला आहे. त्याला रकमेची कुठली पट्टी द्यायची, ते अजून ठरायचं आहे.